शरणपूरचं माहेर

मैत्रिणींनो, फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला इंदिरानगरहून आपण नाशिकरोडला जातो. शरणपूर मात्र आपल्याला रस्त्याच्या नावापुरतंच ठाऊक. 1850च्या दशकात मिशनऱ्यांनी वसवलेलं हे ख्रिस्ती गाव. गुलामांची गलबतं ब्रिटिश आरमारानं समुद्रात पकडली, की त्यांतल्या काही आफ्रिकी मुलामुलींना इथं आसरा मिळे. मुलगे सुतारकाम, लोहारकाम शिकत. त्यांतला जेकब वेनराइट 1874 साली डॉ. लिव्हिंगस्टन यांच्या मृतदेहासोबत लंडनला गेला. त्याचं नाव सगळे घेतात. आणि मुलींचं? त्यांतल्या काही इथंच लग्न करून पूर्व आफ्रिकेत परतल्या, मोंबासाजवळ मुंबईच्या माजी गव्हर्नराच्या नावानं वसलेल्या फ्रीअर टाउनमध्ये संसाराला लागल्या. माहेर कुठलं, असं तिथं कुणी विचारलं असतं, तर त्या नाशिकच म्हणाल्या असत्या, असं आम्हाला वाटतं.