शपथ आणि संमती

फ्रेंच राज्यक्रांती म्हटली की बॅस्टिलचा पाडाव आणि राजाचा शिरच्छेद आपल्याला आठवतो. परंतु त्या क्रांतीने गावोगाव जे दोन तट पडले, त्यांचे एक मूळ धर्मगुरूंवर लादलेल्या शपथेत होते, याचा सहसा विसर पडतो.

रिक्त तिजोरीच्या विवंचनेतून राष्ट्रीय सभेने २ नोव्हेंबर १७८९ रोजी चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या हवाली केली. ही सूचना मांडणारे तालेराँ स्वतःच बिशप होते. उत्पन्न गेल्यावर धर्मगुरूंच्या योगक्षेमाचा भार शासनावर आला. आणि जो वेतन देतो, तो नियमही घालू पाहतो. १२ जुलै १७९० च्या कायद्याने धर्मप्रांतांच्या सीमा नव्या ८३ प्रशासकीय विभागांशी जुळवण्यात आल्या. बिशपांची निवड मतदारांकडे गेली. पोपची मान्यता न मागता त्यांना केवळ पत्राने कळवावे, असे ठरले.

कागदावर व्यवस्था नीटनेटकी होती. उणीव एकच, पण मूलगामी होती. चर्चची संमती घेण्याची आवश्यकताच सभेला वाटली नाही. विरोध दिसताच त्या नोव्हेंबरात निष्ठेची शपथ सक्तीची झाली. पोप पायस सहावे यांनीही जाहीर निषेधास मार्च १७९१ उजाडू दिला, आणि त्यात विचारस्वातंत्र्यालाही दोष देऊन तडजोडीची वाट अधिक अरुंद केली. सुमारे निम्म्या धर्मगुरूंनी शपथ नाकारली. पुढे हद्दपारी आली, सप्टेंबर १७९२ मध्ये पॅरिसच्या तुरुंगांत दोनशेहून अधिक धर्मगुरूंची हत्या झाली, आणि १७९३ मध्ये वाँदे प्रांत पेटला.

१७९८ मध्ये फ्रेंच सैन्याने रोम घेऊन वृद्ध पोपना तेथून नेले. २९ ऑगस्ट १७९९ रोजी फ्रान्समधील व्हॅलान्स येथे, कैदेतच, त्यांचा अंत झाला. पोपपद संपले, असे तेव्हा अनेकांना वाटले. घडले उलटेच. मार्च १८०० मध्ये व्हेनिस येथे पायस सातवे निवडले गेले, आणि १८०१ मध्ये नेपोलियनने त्यांच्याशी करार केला. वेतन शासनाचेच राहिले, निष्ठेची शपथही राहिली, विकलेल्या जमिनी परत मिळाल्या नाहीत. मात्र बिशपांची नावे शासनाने सुचवावीत आणि धार्मिक अधिकार पोपनी द्यावा, असे ठरले. शिवाय फ्रान्समधील सर्व बिशपांकडून राजीनामे मागण्याचे काम खुद्द पोपकडेच आले. इतका अधिकार फ्रान्सच्या राजांनी त्यांना कधीही दिला नव्हता.

या अधिकाराचे बळ लवकरच दिसले. १८०९ मध्ये नेपोलियनने पोपचे राज्य खालसा करून त्यांना कैद केले. तेव्हा बंदिवान पोपनी नव्या बिशपांना मान्यताच दिली नाही. धर्मप्रांत रिक्त राहू लागले. युरोप जिंकणाऱ्या सम्राटाला ती एक मान्यता सक्तीने मिळवता आली नाही. जानेवारी १८१३ मध्ये दडपणाखाली दिलेली स्वाक्षरीही पोपनी दोनच महिन्यांत मागे घेतली. १८१४ मध्ये ते रोमला परतले.

१७९० चा कायदा आणि १८०१ चा करार यांतील कलमांत साम्य बरेच होते. अंतर होते ते विचारण्याचे. आदेशाने लादलेली व्यवस्था दहा वर्षांत मोडली. संमतीने झालेला करार, अनेक भांडणे सोसूनही, १९०५ पर्यंत टिकला. शासनाला वेतन थांबवता येते, पदही काढून घेता येते. सदसद्विवेकबुद्धीची स्वाक्षरी मात्र मागूनच मिळवावी लागते.