अंबिकेच्या दरीतली वाट

पहिले दोन-चार पाऊस बरे झाले, की आमच्या सुरतेतून दर रविवारी गाड्या डांगाकडे निघतात. उधन्याच्या चाळीत जा की अठवा लाइन्सच्या सोसायटीत, बायकांच्या तोंडी एकच असतं, "वघईचा धोध बघायला जायचं ना?" धोध म्हणजे धबधबा. हा गुजराती शब्द आता आपल्या मराठी घरांतही रुळला आहे. वघईजवळ अंबिका नदी सुमारे तीस मीटर खाली उडी घेते, तो गिरा धोध. तिथून साग-बांबूच्या रानातून घाट चढत गेलं, की हजारेक मीटर उंचीवर सापुतारा. ठेपले, खाखरे, थर्मासमधला चहा, मुलांचा गोंधळ, सगळं छान असतं. पण ही वाट मुळात कुणी पाडली आणि कशासाठी, हे आपण एकमेकींना कधी विचारत नाही.

ही वाट सागाने पाडली. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया 1736 साली मुंबईला गेले आणि त्यांच्या घराण्याने तिथल्या गोदीत सागवानी जहाजं बांधली. चांगलं सागवान दुर्मिळ होऊ लागलं, तशी इंग्रजांची नजर डांगाकडे वळली. 1830 साली जेम्स आउट्रम फौज घेऊन या रानात शिरला. 1842 साली कंपनी सरकारने भिल्ल राजांकडून जंगल भाडेपट्ट्याने घेतलं. राजांना वर्षाला ठरलेली रक्कम आणि सागावर हक्क सरकारचा, असा तो व्यवहार होता. पुढे जंगल राखीव झालं. उतारावर फांद्या-पाला जाळून त्या राखेत नागली पेरायची डांगी लोकांची जुनी रीत होती, तीच आता गुन्हा ठरू लागली.

त्या कराराची खूण आजही दिसते. होळीच्या आधी आहव्याला डांग दरबार भरतो. गाढवी, लिंगा, दहेर, वासुर्णा आणि पिंपरी इथल्या पाच राजांना तिथे मानाने सालियाना दिला जातो. देशातल्या संस्थानिकांचे तनखे 1971 साली बंद झाले, डांगचे मात्र चालू राहिले. जत्रा म्हणून आपण दरबार बघायला जातो, पण मुळात तो भाडं चुकतं करण्याचा दिवस आहे.

बिलीमोरा ते वघई ही 63 किलोमीटरची छोटी रेल्वेही अशीच. बडोद्याच्या गायकवाड सरकारने 1913च्या सुमारास ती सुरू केली, ती मुख्यतः रानातलं लाकूड खाली आणायला. अंबिका समुद्राला मिळते तीही बिलीमोऱ्याच्याच बाजूला. म्हणजे नदी पाणी घेऊन जिकडे उतरते, तिकडेच गाडी साग घेऊन उतरत होती. कोरोनात बंद पडलेली ही गाडी 2021 साली पुन्हा सुरू झाली, आणि आता तिला हौशी प्रवाशांसाठी वातानुकूलित डबा जोडतात. लाकडाच्या जागी आपण बसलो, एवढाच फरक.

डांग महाराष्ट्रात जावा की गुजरातेत, यावर तेव्हा बराच वाद झाला. 1960 साली तो गुजरातेकडे गेला. मग मराठी मुलखाला महाबळेश्वर आहे, तसं गुजरातला थंड हवेचं एक ठिकाण हवं, म्हणून सापुतारा उभं राहिलं. 1966 साली वघईला वनस्पती उद्यान झालं. सापुताऱ्यात तळं, हॉटेलं, बागा झाल्या. तिथे आधीपासून राहणाऱ्या आदिवासी कुटुंबांना हलवून शेजारी नवागाम वसवलं. नावेत बसून आपण फोटो काढतो, त्या आवारात कुणाची तरी चूल पेटत होती.

आपल्याकडे श्रावकाने टाळायचे पंधरा धंदे सांगितले आहेत. त्यात वनकर्म येतं, म्हणजे जंगल तोडून पोट भरणं. आपल्यापैकी कुणी कुऱ्हाड चालवली नाही, हे खरंच. पण जुन्या सुरतेच्या हवेल्यांतले कोरीव खांब, दारं, झोपाळे सागाचेच ना? हिंसा दुसऱ्याच्या हातून झाली म्हणजे आपला हिशेब कोरा राहतो, असं आपला धर्म म्हणत नाही.

मग जाऊच नये का? जरूर जावं. घर आणि दुकान यांतून बाईला एक दिवस नदीचा आवाज ऐकायला मिळाला, तर ते तिच्या हक्काचंच आहे. पण जाताना आपण कुणाच्या अंगणात चाललो, हे ठाऊक असावं. प्लास्टिक परत आणावं. पावसाळ्यात धोधाच्या कुंडात उतरू नये, मुलांना तर नाहीच. धोधाशी बांबूच्या वस्तू विकणाऱ्या बाईशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नये. डांगात बायकांच्या बचत गटांनी चालवलेली 'नाहरी' नावाची जेवणघरं आहेत. तिथे एक वेळ नागलीची भाकरी खावी आणि वाढणारीशी दोन शब्द बोलावं. तिची डांगी बोली खानदेशातून आलेल्या आपल्या बायकांना लगेच कळते. रानाचा खरा इतिहास तिच्या आजीला माहीत होता. विचारलं तर ती सांगेल.