पैनगंगेच्या काठचे चरे

वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला कालनिर्णयाचा प्रश्न नवा नाही. ‘ज्ञानेश्वरी’ने आपले लेखनवर्ष, शके १२१२, स्वतःच नोंदवून ठेवले. परंतु ज्या पोथीवर काळाची नोंद नाही, तिचा काळ लिपीचे वळण, भाषेची रूपे आणि तीत आलेले उल्लेख यांवरून ठरवावा लागतो. अशा वेळी ‘अमुक साली’ असे म्हणता येत नाही. ‘याच्या नंतर आणि त्याच्या आधी’ एवढेच म्हणता येते. याच शिस्तीने वाचला गेलेला एक लेख आपल्या अगदी शेजारी, दगडावर आहे. तो लिहिणारी होती एक हिमनदी.

मुखेडच्या परिसरात बर्फाची गोष्ट काढणे कोणालाही विपरीत वाटेल. आपली काळी जमीन ज्या खडकापासून झाली तो बेसाल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला तप्त लाव्हा. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी येथे खोल विवर खोदले गेले, तेव्हा या लाव्ह्याच्या थरांची जाडी ३३८ मीटर भरली. म्हणजे आपल्या पायाखालची पहिली आठवण आगीची आहे. मात्र नांदेड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून, माहूर-किनवटच्या बाजूने वाहणारी पैनगंगा पूर्वेला चंद्रपूरकडे जाते, तेव्हा ती या लाव्ह्याच्या प्रदेशातून बाहेर पडून त्याहून कितीतरी जुन्या खडकांत शिरते. तेथे, जुन्या चांदा जिल्ह्यात, तिच्या पात्रात इरई गावाजवळ हा लेख सापडला. (चंद्रपूरजवळच्या इरई नदीशी या गावाची गल्लत करू नये.)

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील फ्रान्सिस फेडेन यांनी १८७५ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. चुनखडीचा खडक गुळगुळीत झिजलेला, त्यावर समांतर चरे आणि खोबणी, आणि त्याच्यावर लहानमोठ्या गोट्यांनी भरलेला थर असे ते दृश्य होते. पाणीही दगड झिजवते. पण पाण्याने वाहून आणलेले दगड आकारानुसार निवडले जातात, आणि सरळ समांतर चरे ओढणे पाण्याला जमत नाही. हिमनदी मात्र चिखल, खडे आणि मोठाले धोंडे सरमिसळ वाहून नेते. तिच्या तळाशी गोठून बसलेले दगड खालच्या खडकावर लेखणीसारखे ओढले जातात.

अशाच गोट्यांच्या थराविषयी ओडिशातील तालचेर येथे ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी १८५६ मध्येच बर्फाचा तर्क मांडला होता. तालचेरला थर होता; इरईला त्याच्या खालचा ओरखडलेला खडकही मिळाला. तरीही फेडेन यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकात हिमनदीऐवजी ‘तळबर्फ’ हा सौम्य शब्द वापरला. तळबर्फ म्हणजे पाण्याच्या तळाशी गोठणारा आणि दगड उचलून नेणारा बर्फ. उष्ण कटिबंधात प्रचंड हिमनदी होती असे म्हणायला त्या काळच्या ज्ञानात आधारच नव्हता. पुरावा समोर होता, पण तो सामावून घेईल असे जगाचे चित्र अजून तयार व्हायचे होते.

मग या लेखाचा काळ कसा ठरवायचा? आज हिमालयातील खोऱ्यांत पीएच.डी.साठी जुन्या हिमनद्यांचा विस्तार शोधणारे विद्यार्थी हिमनदीने टाकून दिलेल्या धोंड्यांतील बेरिलियम-१० मोजतात. धोंडा उघड्यावर आला की वैश्विक किरणांमुळे त्यातील क्वार्ट्‌झमध्ये हे अणू साचू लागतात, आणि त्यांच्या प्रमाणावरून बर्फ केव्हा मागे हटला ते कळते. हिमनदीच्या कडेला किंवा तोंडाशी साचलेल्या ढिगांत सेंद्रिय अवशेष मिळाले तर कार्बन-१४ उपयोगी पडतो, पण त्याची धाव सुमारे ५० हजार वर्षांपर्यंतच. बेरिलियम-१० सुद्धा सुमारे १४ लाख वर्षांत निम्मे उरते. इरईच्या बर्फापर्यंत ही दोन्ही घड्याळे पोहोचत नाहीत.

तेथे पोथीचाच न्याय लावावा लागतो. ज्यावर चरे उमटले ती चुनखडी बर्फाहून जुनी. ज्या थरांत वर्धा खोऱ्यातील दगडी कोळसा आहे, ते या गोट्यांच्या थराच्या वर, म्हणून नंतरचे. छत्तीसगडमधील मनेंद्रगड येथे याच तालचेर समूहात सागरी जीवाश्म मिळतात. त्यांची तुलना इतर खंडांतील जीवाश्मांशी करता येते. दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया येथील याच हिमयुगाच्या ड्वायका थरांत ज्वालामुखीची राख आहे, आणि राखेतील झिरकॉनच्या स्फटिकांतून वर्षांचा आकडा काढता येतो. या सगळ्या दुव्यांवरून हा काळ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा ठरतो. एक प्रत दुसऱ्या प्रतीच्या आधाराने वाचावी, तसे हे झाले. फक्त दुसरी प्रत समुद्रापलीकडे होती.

समुद्रापलीकडची ही साक्ष महत्त्वाची होती. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंडांच्या वहनाची कल्पना मांडली, तेव्हा भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथील याच काळाच्या हिमखुणा त्यांच्या युक्तिवादाचा एक भक्कम आधार ठरल्या. बर्फ विषुववृत्ताकडे आला नव्हता. आपली भूमीच तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या जवळ होती. इरईच्या चऱ्यांचा अर्थ बदलला नाही, त्यांच्याभोवतीचे जग बदलले.

साहित्याच्या विद्यार्थ्याने यातून घ्यावे असे काही आहे. प्रस्थापित चित्रात न बसणारा पुरावा टाकून न देता, आणि त्याला नसलेला अर्थही न चिकटवता, तो जसा आहे तसा नोंदवून ठेवणे हे संशोधकाचे पहिले काम. फेडेन यांनी ते केले, म्हणून पुढच्यांना अर्थ लावता आला. पोथीची निदान नक्कल उतरवता येते. दगडाची तशी सोय नाही. त्याचा जागेवर असण्याशी, खालच्या-वरच्या थरांशी असलेला संबंध हाच त्याचा मजकूर असतो. तो मूळ जागेवरून हलला की वाचन संपले. इरईच्या खालची चुनखडी सिमेंटच्या कामाची आणि वरचे थर कोळशाचे. म्हणून या प्रदेशात खोदणाऱ्याची नजर वाचणाऱ्याच्या आधी पोहोचते. माहूरला जाताना पैनगंगा पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना ही नदी पुढे काय उघडे करते ते ठाऊक असले, तर वाचणारे डोळे तरी वाढतील.