माणकाची पारख

माणकाची पारख म्हणजे माणिक नैसर्गिक, संश्लेषित की प्रक्रिया केलेले आहे हे ठरविण्याची तपासणी होय. माणिक हा कुरुविंद या खनिजाचा क्रोमियममुळे लाल झालेला प्रकार आहे. ऑगस्त व्हेर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये जाहीर केलेल्या ज्योत-संगलन पद्धतीने बनविलेल्या माणकाचे संघटनही तेच असते. त्यामुळे कठिनता (९), विशिष्ट गुरुत्व (सुमारे ४) व अपवर्तनांक (१.७६–१.७७) यांवरून दोहोंत भेद करता येत नाही, काचेवर ओरखडा काढून पाहणे तर निरर्थकच.

भेद दिसतो तो अंतर्भागात. दहापट भिंगातून अशा संश्लेषित माणकात वक्र वाढरेषा व वायूचे बुडबुडे आढळतात. नैसर्गिक माणकातील वाढरेषा सरळ किंवा कोनयुक्त असतात आणि अनेकदा रुटाइलच्या सूक्ष्म सुया दिसतात; त्यांना ‘रेशीम’ म्हणतात. उच्च तापमानाला तापविल्यास त्या अंशतः विरघळतात. फ्लक्स पद्धतीच्या संश्लेषित माणकात मात्र वक्र रेषा नसतात. त्यामुळे केवळ त्यांच्या अभावावरून रत्न नैसर्गिक ठरत नाही.

भेगांत शिसेयुक्त काच भरलेले माणिक फिरवून पाहिल्यास निळसर चमक व चपटे बुडबुडे दिसतात. ही काच सोनाराच्या ज्योतीने, इतकेच नव्हे तर लिंबाच्या रसानेही खराब होते. म्हणून दागिना दुरुस्तीस देण्यापूर्वी ही तपासणी आवश्यक असते.