क्रिएटिनिन कमी, म्हणजे किडनी भारी?

तर झालं असं, की मागच्या महिन्यात वीकेंडला वाईला आत्याकडे गेलो होतो. शनिवारी सकाळी तिचा रक्ताचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला. आत्याचं वय ६८, वजन जेमतेम ४० किलो. वर्षभरात दोनदा आजारी पडून बरीच वाळलीय. रिपोर्टात क्रिएटिनिन ०.५ आणि शेजारी 'कमी' अशी खूण.

"बघ रे, किडनीचं काय म्हणतायत?"

"आत्या, एकदम मस्त! क्रिएटिनिन वाढलं की वाईट. तुझं तर कमी आहे. कॉलेजातल्या पोरीची किडनी आहे तुझी."

आत्या खूष, मीपण खूष. गाडी काढली आणि पसरणी घाट चढून पाचगणीला गेलो. आणि तिथे माझी पाटी कोरी झाली. कशी, ते सांगतो.

पाचगणी म्हणजे आपल्यासाठी टेबल लँड, स्ट्रॉबेरी आणि बोर्डिंग शाळा. समुद्रसपाटीपासून साधारण १३०० मीटर. महाबळेश्वर जवळच, पण तिथल्यासारखा धो धो पाऊस इथे नाही. १८६० च्या दशकात जॉन चेसन नावाच्या साहेबानं हे गाव आरोग्यासाठी वसवायला घेतलं. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी इथे क्षयरोग्यांसाठी सॅनेटोरियम सुरू केलं. तेच आजचं बेल-एअर हॉस्पिटल. त्याच्या पाटीवरून गाडी पुढे गेली आणि डोक्यात 'क्षय' हा शब्द अडकून बसला.

क्षय म्हणजे झिजणं. गंमत बघा, शब्दात फुप्फुस नाही, खोकला नाही, जंतू तर नाहीच. आपल्या लोकांनी आजाराचं नाव ठेवलं ते माणूस कसा दिसतो त्यावरून. इंग्रजीतलं जुनं नावही 'कन्झम्प्शन', म्हणजे आजार माणसाला खाऊन टाकतो असंच. त्या काळी औषध नव्हतंच. जगभरच्या सॅनेटोरियममध्ये उपचार म्हणजे मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध, अंडी आणि नियमित वजन. काटा वर सरकला की सगळ्यांना हायसं वाटायचं.

पण काटा फक्त किलो सांगतो. वाढलेला किलो चरबीचा की स्नायूंचा, ते त्याला कळत नाही. आणि महिनोन्महिने खाटेवर पडून राहिलं की स्नायू झिजतात, पोट भरलेलं असलं तरी.

आता इथे क्रिएटिनिनची एंट्री होते. १८३२ मध्ये शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला मांसात एक पदार्थ सापडला. मांसाला ग्रीकमध्ये 'क्रेआस', म्हणून नाव ठेवलं क्रिएटिन. १८४७ मध्ये जर्मनीच्या लीबिगनं त्यापासून बनणाऱ्या पदार्थाला क्रिएटिनिन म्हटलं. याच लीबिगनं नोंदवलंय, की शिकारीत पळून पळून मेलेल्या कोल्ह्याच्या मांसात पाळलेल्या कोल्ह्यापेक्षा दहापट क्रिएटिन मिळालं. थोडक्यात, ही पहिल्यापासून स्नायूंची गोष्ट आहे. किडनी चित्रात कुठेच नव्हती!

पुढे १८८६ मध्ये माक्स याफे यांनी दाखवलं, की पिक्रिक अ‍ॅसिड आणि अल्कलीत क्रिएटिनिन टाकलं की नारिंगी-लाल रंग येतो. १९०४ मध्ये ऑटो फोलिन यांनी त्या रंगावरून क्रिएटिनिन मोजायची पद्धत बसवली. (हा माणूस स्वीडनमधला, पंधराव्या वर्षी अमेरिकेत गेलेला.) जेवणातली प्रथिनं कमीजास्त केली तरी एका माणसाच्या लघवीतून दिवसाला जाणारं क्रिएटिनिन जवळपास तेवढंच राहतं, हे त्यांनी १९०५ मध्ये दाखवलं. कारण स्नायूंतल्या क्रिएटिनपैकी रोज साधारण दोन टक्के क्रिएटिनिन होऊन बाहेर पडतं. वीसेक किलो स्नायूंमागे दिवसाला एक ग्रॅम, असा ढोबळ हिशोब. म्हणजे बिलिमोरियांनी पाचगणीत दार उघडलं, तेव्हा स्नायू मोजायची एक वाट जगात तयार झालेली होती.

मग हे किडनीकडे कसं गेलं? १९२६ मध्ये डेन्मार्कच्या रेबर्ग यांनी किडनी किती रक्त गाळते ते मोजायला क्रिएटिनिन वापरलं. कल्पना झकास होती. क्रिएटिनिन रोज ठराविक बनतं, किडनी ते बाहेर टाकते. किडनी मंदावली की रक्तात साठतं.

आपल्या भाषेत सांगायचं तर रक्तातला आकडा म्हणजे एक भागाकार आहे. वर स्नायूंचं उत्पादन, खाली किडनीचं गाळणं. आता भागाकाराचं उत्तर लहान कधी येतं? खालचा आकडा मोठा असेल तेव्हा, किंवा वरचा लहान असेल तेव्हा. मी आत्याला खालचा आकडा मोठा आहे म्हणून सांगून मोकळा झालो होतो. वरचा बघितलाच नव्हता, तोही बाई समोर काठीसारखी बसलेली असताना. प्रॉडक्शनमध्ये एरर कमी दिसतायत म्हणून पार्टी करावी आणि नंतर कळावं की ट्रॅफिकच बंद आहे, तसला प्रकार :)

आणि आडात फक्त मीच पडलो नव्हतो. सूत्रं बांधणारेही या वरच्या आकड्याशी झगडत आलेत. १९७६ चं कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचं प्रसिद्ध सूत्र २४९ पुरुषांवर बेतलेलं. बायकांसाठी उत्तराला ०.८५ नं गुणायचं. १९९९ आणि २००९ च्या अमेरिकी सूत्रांत कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता, त्यांचे स्नायू जास्त असतात अशा समजुतीच्या आधारावर. त्यावर बराच वाद झाला आणि २०२१ च्या सूत्रातून तो काढला. माणसाच्या अंगावर स्नायू किती, हे अंदाजानं धरून चालायची खोड मात्र राहिलीच.

आपल्याकडे तर हा अंदाज जास्तच फसतो. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो छापून आला. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या २१.२ टक्के! बारीक दिसणारा पण आतून चरबीवाला, असा हा आपला देशी नमुना. वजन तेच, पण स्नायू कमी. जपानमध्ये २००९ मध्ये आलेल्या एका अभ्यासात कमी क्रिएटिनिन असलेल्या पुरुषांना पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण जास्त दिसलं. साखर जिरवण्यात स्नायूंचा मोठा वाटा असतो, त्यामुळे हे पटण्यासारखं आहे. दिवसभर खुर्चीत बसून कोड लिहिणाऱ्या मंडळींनी (मी पहिला) इथे जरा थांबावं.

पाचगणीची गोष्ट मात्र क्षयापाशी संपत नाही. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. १९५९ मध्ये मद्रासच्या प्रयोगानं दाखवलं, की औषधं नीट घेतली तर घरी राहूनही रुग्ण सॅनेटोरियमइतकेच बरे होतात. हवापालटाची सक्ती संपली. बेल-एअर पुढे रेडक्रॉसकडे आलं आणि नंतर एचआयव्हीच्या रुग्णांसाठी ओळखलं जाऊ लागलं. म्हणजे पुन्हा झिजवणारा आजार, त्याच डोंगरावर.

आता यातला धोका बघा. स्ट्रेप्टोमायसिन काय किंवा एचआयव्हीवरचं टेनोफोविर काय, दोन्ही किडनीवाटे बाहेर पडतात आणि दोन्ही किडनीला त्रास देऊ शकतात. म्हणून आधी क्रिएटिनिन बघतात. आणि रुग्ण तर झिजलेला! किडनी थकलेली असली तरी कागदावर आकडा छान दिसू शकतो. ज्याला सगळ्यात जास्त जपायला हवं, त्याच्याच बाबतीत ही तपासणी गोड बोलते.

टेबल लँडवर बसून आत्याचा हिशोब केला. २०२१ च्या सूत्रानं उत्तर आलं १०२. कॉकक्रॉफ्ट-गॉल्टनं ६८. एकच बाई, एकच रक्त! पहिलं सूत्र वजन विचारतच नाही आणि उत्तर ठराविक मापाच्या शरीराला लावून देतं, हे फरकाचं मोठं कारण. स्नायू दोघंही विचारत नाहीत.

घाबरवायचा उद्देश नाही. गरोदरपणात क्रिएटिनिन कमी होतंच. मूळच्या लहान चणीच्या, शाकाहारी माणसाचं कमी असू शकतं. सलाईन भरपूर गेलं असेल, लिव्हरचा आजार असेल तरी उतरतं. धडधाकट माणसाच्या एकट्या ०.५ ला काही अर्थ नाही. पण वजन उतरतंय, जिना चढवत नाही आणि सोबत हा आकडा, असं असेल तर तो स्नायूंचा निरोप समजावा. किडनीबद्दल शंका असेल तर सिस्टॅटिन-सी नावाची तपासणी आहे. ते शरीरातल्या बहुतेक सगळ्या पेशी बनवतात, त्यामुळे स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं.

संध्याकाळी खाली उतरलो आणि आत्याला सांगितलं, "सकाळचं विसर, मी चुकीचं बोललो." सोमवारी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रिपोर्ट बघायच्या आधी म्हटलं, "आजी, हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठून दाखवा बरं."

आत्याला उठता आलं नाही.

सिस्टॅटिन-सी करून घेतलं. किडनी वयाच्या मानानं ठीक निघाली, पण कॉलेजातल्या पोरीची काही नाही. आता रोज दोन अंडी, वाटीभर घट्ट वरण आणि सकाळ-संध्याकाळ दहा वेळा खुर्चीतून उठबस. पहिल्या आठवड्यात तीनदा जमायचं. काल फोनवर म्हणाली, "सात झाले. आणि तुझे किती होतात रे?"

मोजतो म्हणालो.