गिरगावचे मॅजेस्टिक : एका चित्रगृहाची कहाणी

वाचकहो, मुंबईच्या गिरगावात आपण कधी गेलात, तर मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर नावाची इमारत आपल्या दृष्टीस पडेल. खाली दुकाने आणि गिऱ्हाइकांची वर्दळ. याच जागी भारतीय चित्रपटाला प्रथम वाचा फुटली, हे त्या गर्दीतील कितीजणांना ठाऊक असेल?

मॅजेस्टिक सिनेमाची कहाणी एका तंबूपासून सुरू होते. सुरतेस १८८४ साली जन्मलेले अब्दुल अली युसुफ अली हे फिरत्या सिनेमाचे मालक. सुमारे हजार माणसे मावतील असा तंबू घेऊन ते १९०१ पासून ब्रह्मदेश, सिंगापूर, सुमात्रा अशा दूरदेशी खेळ दाखवीत हिंडले आणि पुढे १९०८ पासून हिंदुस्थानात फिरले. १९१४ साली त्यांनी अर्देशीर इराणी यांच्याशी भागीदारी केली. प्रथम अलेक्झांड्रा हे चित्रगृह त्यांच्या हाती आले आणि १९१८ मध्ये मॅजेस्टिक उभे राहिले. मराठमोळ्या गिरगावात एका बोहऱ्याने आणि एका पारशाने हे चित्रगृह उभारले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

प्रारंभी तेथे मूकपट दाखविले जात. मग १४ मार्च १९३१ हा दिवस उजाडला. इराणी यांच्या इंपीरियल कंपनीचा 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट मॅजेस्टिकच्या पडद्यावर झळकला. त्याच्या निर्मितीची हकीकत मोठी बोधप्रद आहे. स्टुडिओ रेल्वेमार्गाला लागून होता. गाड्यांचा खडखडाट ध्वनिमुद्रणात शिरू नये म्हणून, गाड्या थांबल्यावर रात्री चित्रीकरण करावे लागे. ध्वनिमुद्रणासाठी आणलेल्या परदेशी तज्ज्ञाचे रोजचे मानधन जबर होते. तेव्हा इराणी यांनी महिन्याभरात ती विद्या स्वतःच आत्मसात केली. शिकण्यास वयाची अट नसते, याचे याहून चांगले उदाहरण वर्गात सांगण्यास मला तरी सापडलेले नाही.

कथानक जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरील नाटकाचे, नायिका जुबेदा, नायक मास्टर विठ्ठल. फकिराच्या भूमिकेतील वझीर महंमद खान यांनी भारतीय चित्रपटातील पहिले गीत गायिले. भाषा होती उर्दूमिश्रित हिंदुस्थानी. गिरगावच्या मराठी प्रेक्षकाला ती परकी वाटली नाही, हे त्या दिवशीच्या गर्दीने सिद्ध केले.

त्या गर्दीची आठवण युसुफ अली यांनी पुढे सांगितली आहे. सकाळपासून लोटलेल्या जनसमुदायातून खुद्द मालकांनाच आत शिरणे मुष्किलीचे झाले. रांगेची पद्धत तेव्हा रूढ नव्हती. तिकिटांच्या खिडकीवर लोक तुटून पडले, रहदारी ठप्प झाली, पोलिसांना पाचारण करावे लागले. पुढे कित्येक आठवडे तिकिटे मिळेनात आणि काळाबाजार तेजीत आला.

मॅजेस्टिकने केवळ चित्रपटच दिला असे नव्हे. केशवराव कोठावळे यांनी या चित्रगृहाच्या नावावरून आपल्या पुस्तकांच्या दुकानाला मॅजेस्टिक हे नाव दिले. त्यातूनच मराठीतील एक नामवंत प्रकाशनसंस्था उदयास आली. सिनेमाचे नाव असे मराठी ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर जाऊन बसले.

आणि अखेर काय झाले? जागेचा भाव वाढला, चित्रगृहापेक्षा दुकाने अधिक फायद्याची ठरली. मॅजेस्टिक पाडले गेले. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' जेथे प्रथम सामान्य प्रेक्षकांना दिसला, ते गिरगावातलेच कोरोनेशनही उरले नाही. त्याहून दुःखाची गोष्ट अशी की, 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. जुन्या फितींतील चांदी काढून घेण्यासाठी त्या काळचे कित्येक चित्रपट नष्ट करण्यात आले. ज्या चित्रपटाने देशाला वाचा दिली, त्याचा स्वतःचा आवाज कायमचा हरपला. राहिली ती काही छायाचित्रे, जाहिराती आणि आठवणी.

वाचकहो, चित्रगृह कोणी शत्रूने पाडले नाही. आपल्याच बेफिकिरीने ते गेले. आपल्याही मोहल्ल्यात एखादे जुने चित्रगृह, वाचनालय वा मदरसा असेल. त्याची सनावळी ज्यांना तोंडपाठ आहे, अशी वडीलधारी मंडळी अद्याप हयात असतील. त्यांच्यापाशी बसा, विचारा आणि लिहून ठेवा. इमारत वाचविणे प्रत्येकाच्या हाती नसते. तिची हकीकत वाचविण्यास मात्र एक वही आणि एक लेखणी पुरे.