पहिले मंत्रिमंडळ : पाहुणे आणि वाटेकरी



एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे आपण म्हणतो. मग एका मंत्रिमंडळात चौदा तलवारी कशा राहिल्या, हा आजचा विषय आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र हिंदुस्थानचा कारभार हाती घेणाऱ्या पहिल्या मंत्रिमंडळाविषयी मी बोलणार आहे.

प्रथम त्याआधीचा अनुभव ध्यानात घेतला पाहिजे. २ सप्टेंबर १९४६ रोजी पंडित नेहरूंचे हंगामी सरकार अधिकारावर आले आणि ऑक्टोबरअखेर मुस्लिम लीग त्यात सामील झाली. कागदोपत्री हे संयुक्त सरकार होते. परंतु लीगचे सभासद नेहरूंना नेता मानावयास तयार नव्हते. आणि नव्या राज्याची घडी ज्या घटना समितीने बसवावयाची, तिच्यावर लीगचा बहिष्कार होता. सरदार पटेल गृहखाते सोडावयास राजी नव्हते, म्हणून अर्थखाते लियाकत अली खानांकडे गेले. तिजोरीच्या किल्ल्या ज्याच्या कमरेला, त्याला विचारल्यावाचून घरात मीठमिरचीदेखील येत नाही! इतर खात्यांच्या योजना अर्थखात्याच्या उंबरठ्यावर अडू लागल्या. फेब्रुवारी १९४७ च्या अंदाजपत्रकात लियाकत अलींनी एक लाखाहून अधिक व्यापारी नफ्यावर शेकडा २५ कर सुचविला. तेव्हा त्यात न्याय किती आणि काँग्रेसच्या पाठीराख्या कारखानदारांवरचा नेम किती, असा वाद माजला. तात्पर्य, खुर्च्या शेजारी मांडल्या होत्या, पण बसणाऱ्यांना एका गावास जावयाचे नव्हते.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. फाळणीनंतर काँग्रेसने केवळ स्वतःचीच माणसे घेतली असती, तर कोणी दोष दिला नसता. तसे घडले नाही. काँग्रेसचे कडवे टीकाकार डॉ. आंबेडकर कायदेमंत्री झाले. हिंदु महासभेचे डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी उद्योगमंत्री झाले. जस्टिस पक्षात वाढलेले षण्मुखम् चेट्टी अर्थखात्यावर आले, शिखांचे पुढारी सरदार बलदेवसिंग संरक्षणखात्यावर, तर अर्थशास्त्रज्ञ जॉन मथाई रेल्वेखात्यावर. आपल्या पुण्याचे काकासाहेब गाडगीळ बांधकाम, खाणी व वीज सांभाळू लागले. काटेकोरपणे बोलावयाचे तर हा पक्षापक्षांचा करार नव्हे. भिन्न मतांच्या माणसांना दिलेले ते आमंत्रण होते. आंबेडकरांचेच पाहा. फाळणीमुळे त्यांची बंगालमधील जागा गेली, तेव्हा बॅ. जयकरांनी सोडलेल्या जागेवर मुंबई प्रांतातून काँग्रेसने त्यांना निवडून दिले.

घरात कार्य निघाले म्हणजे अबोला धरलेले भाऊबंदही मांडवात उभे राहतात. येथे तर कार्यही होते आणि संकटही. निर्वासितांचे लोंढे येत होते, काश्मीरात लढाई जुंपली होती, साडेपाचशेंहून अधिक संस्थानांचा प्रश्न होता. खुद्द नेहरू आणि पटेल यांच्यातही मतभेद होते. ३० जानेवारी १९४८ च्या घातानंतर गांधीजींच्या चितेसमोर दोघांनी ते आवरले. ह्याच काळात पटेलांनी संस्थाने विलीन केली, मुखर्जींच्या कारकीर्दीत एप्रिल १९४८ चे औद्योगिक धोरण जाहीर झाले, त्याच वर्षी दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले, आणि आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने तयार केलेली राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी मंजूर झाली.

मग मांडव उठला आणि पांगापांग सुरू झाली. एप्रिल १९५० मध्ये नेहरू-लियाकत कराराच्या प्रश्नावर मुखर्जी बाहेर पडले. त्याच वर्षी नियोजन मंडळावरून मथाईंनी राजीनामा दिला. सप्टेंबर १९५१ मध्ये आंबेडकरही गेले. त्यांच्या कारणांत मुख्य होते हिंदु कोड बिल. स्त्रीला वारसा आणि घटस्फोटाचा हक्क देणारे ते बिल नेहरूंना मनापासून हवे होते; पण काँग्रेसमध्येच त्याला विरोध होता आणि निवडणूक तोंडावर आली होती. बिल बाजूस पडले. पुढे १९५५-५६ मध्ये त्याचेच चार वेगळे कायदे झाले. पण ज्याने त्यासाठी रक्त आटविले, तो तेव्हा मंत्रिमंडळात नव्हता.

मला येथे ह्या प्रयोगाचे वैगुण्य दिसते. आंबेडकर किंवा मुखर्जी यांच्यामागे सभागृहात स्वतःच्या पक्षाचे बळ नव्हते. त्यांचे शहाणपण हवे होते तोवर त्यांचा शब्द चालला. मतांची मोजदाद आली तेव्हा ते एकाकी पडले. पाहुण्याला मान असतो, वाटा नसतो. लीगचे उलट होते. तिच्याजवळ वाटा होता, पण समान कार्य नव्हते. संयुक्त कारभाराला दोन्ही लागतात.

तरीही ह्या राजीनाम्यांना मी अपयश म्हणणार नाही. मुखर्जींनी १९५१ मध्ये जनसंघ स्थापिला व लोकसभेत ते विरोधकांचा आवाज बनले. आंबेडकर १९५२ ची निवडणूक हरले, पण राज्यसभेतून बोलत राहिले. मथाईंच्या जागी आलेल्या चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडले, हे तर महाराष्ट्राला सांगावयास नको. राष्ट्राच्या पडत्या काळात वैऱ्याशेजारी बसावे, आणि बसणे मनाला पटेनासे झाले की कारण सांगून उठावे, ह्या दोन्ही गोष्टी त्या पिढीला साधल्या. पहिली साधली म्हणून राज्य उभे राहिले. दुसरी साधली म्हणून ते लोकशाही राज्य राहिले.